गणितज्ञ गाउस आणि सतरा ही संख्या

नववीच्या वर्गात भूमितीच्या तासाला घडलेला एक प्रसंग मला वारंवार आठवतो. पट्टी व कंपास एवढ्याच साधनांनी वर्तुळात सुसम आकृती काढण्याचा पाठ चालला होता. त्रिकोण झाला, चौकोन झाला, पंचकोन व षट्कोनही झाले. तेव्हा एका मुलाने सात बाजूंची आकृती आपण होऊन काढून आणली. वर्तुळात बसणाऱ्या समभुज त्रिकोणाच्या बाजूचे निम्मे अंतर कंपासात धरून त्याने ते परिघावर सात वेळा फिरविले होते. आकृती दिसावयास सुरेख होती. परंतु शेवटची खूण पहिल्या खुणेवर यावयाची ती तिच्या किंचित अलीकडे थांबली होती. वर्तुळाची त्रिज्या १० सेंटिमीटर होती, आणि ती फट मिलिमीटरभराहून थोडी अधिक. पेन्सिलीला टोक नसेल, असे मी त्यास सांगितले. बिचाऱ्याने तीन वेळा पेन्सिल तासली, तीन वेळा आकृती काढली, आणि तिन्ही वेळा फट जेथल्या तेथे राहिली. दोष त्याच्या हाताचा नव्हता, व हे मला त्याच तासाला सांगता आले असते. घाईत ते राहून गेले. त्या फटीच्या मुळाशी जो पहिल्याने पोहोचला, त्या पुरुषाचे चरित्र सांगून ती चूक थोडीफार भरून काढावी, असा ह्या लेखाचा हेतू आहे.

कार्ल फ्रीड्रिख गाउस याचा जन्म जर्मनीतील ब्रन्सविक शहरी एका गरीब कुटुंबात झाला. बाप गेब्हार्ड कधी गवंडीकाम करी, कधी लोकांच्या बागा राखी. व्यवहारात चोख, पण स्वभावाने करडा. आई डोरोथिया ही एका पाथरवटाची मुलगी. लग्नापूर्वी ती मोलकरीण म्हणून राबली होती, आणि तिला लिहिता येत नव्हते. त्यामुळे मुलाची जन्मतारीख कोठे टिपलेली नव्हती. तिला एवढेच स्मरत होते की तो बुधवार होता व प्रभूच्या स्वर्गारोहणाच्या सणास आठ दिवस उरले होते. हा सण ईस्टरनंतर एकोणचाळिसाव्या दिवशी येतो, आणि ईस्टर तर चंद्राच्या गतीप्रमाणे दर वर्षी मागेपुढे सरकतो. पुढे १८०० साली गाउसने कोणत्याही वर्षाचा ईस्टर केवळ भागाकारातील बाक्यांवरून काढण्याची रीत प्रसिद्ध केली. त्या रीतीने पाहता १७७७ सालचा ईस्टर ३० मार्चला येतो. म्हणजे स्वर्गारोहण ८ मेला, आणि त्याआधी आठ दिवस असलेला बुधवार ३० एप्रिलला. निरक्षर आईने सणाच्या खुणेवर जपून ठेवलेला दिवस मुलाच्या गणिताशी बरोबर जुळतो.

तीन वर्षांच्या वयात त्याने बापाच्या मजुरीच्या हिशेबातील चूक काढून दाखविली, अशी एक गोष्ट आहे. ती गाउस स्वतःच म्हातारपणी मोठ्या कौतुकाने सांगत असे; तेव्हा तीत किती भाग आठवणीचा व किती कौतुकाचा, हे वाचकांनीच ठरवावे. सातव्या वर्षी तो शाळेत गेला. ब्यूटनर नावाचे गुरुजी त्या काळच्या रिवाजाप्रमाणे चाबूक हाती घेऊन शिकवीत. एके दिवशी त्यांनी वर्गाला एक लांबलचक बेरीज घातली. बेरजेचे नेमके आकडे कोणी नोंदून ठेवले नाहीत. १ पासून १०० पर्यंतच्या संख्या, असे बहुधा सांगतात. ज्याचे आधी होईल त्याने आपली पाटी गुरुजींच्या मेजावर पालथी ठेवावी, त्यावर दुसऱ्याने आपली, असा नियम होता. गाउसची पाटी जवळजवळ लगेच मेजावर गेली. बाकीची मुले तासभर आकडे मांडीत बसली. पाट्या उलटून पाहता त्याच्या पाटीवर एकच संख्या होती, व ती बरोबर होती. पहिली व शेवटची मिळून १०१, दुसरी व शेवटून दुसरी मिळून १०१, अशा पन्नास जोड्या, उत्तर ५०५०.

ही गोष्ट मुलाच्या बुद्धीसाठी नेहमी सांगितली जाते. मला मात्र, शिक्षकाच्या पेशामुळे असेल, तिच्या पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. चाबूकवाल्या ब्यूटनरने त्या मुलासाठी हॅम्बुर्गहून गणिताचे एक चांगले पुस्तक मागविले. आपल्याजवळ याला शिकविण्यासारखे फारसे उरले नाही, हे त्याने ओळखले, व त्या मुलास आपला तरुण मदतनीस बार्टेल्स याच्या हवाली केले. बार्टेल्सचे काम वर्गातील मुलांना बोरू तासून देण्याचे व अक्षर घोटून घेण्याचे. पण त्यालाही गणिताचे वेड होते. सतरा-अठरा वर्षांचा मदतनीस आणि दहा वर्षांचा विद्यार्थी एकाच पुस्तकावर वाकून बसू लागले. घरी बापाला हे रुचत नव्हते; मुलाने संध्याकाळी सूत कातून चार पैसे मिळवावे, असे त्याचे मत. गुरुजींनी त्याची समजूत घालून मुलाला त्या कामातून सोडविले. हाच बार्टेल्स पुढे रशियात काझानच्या विद्यापीठात प्राध्यापक झाला, आणि तेथे त्याच्या हाताखाली लोबाचेव्स्की शिकला. एका बोरू तासणाऱ्या मदतनिसाच्या वाट्यास असे दोन शिष्य यावे, हे मोठे नवल होय.

अशा मुलाची वार्ता ब्रन्सविकचा ड्यूक कार्ल विल्हेल्म फर्डिनांड याच्या कानी गेली. १७९१ साली गाउसला त्याच्यापुढे नेण्यात आले, आणि तेव्हापासून त्याच्या शिक्षणाचा भार ड्यूकने उचलला. पंधराव्या वर्षाच्या सुमारास लॉगरिथमच्या कोष्टकांचे एक पुस्तक गाउसच्या हाती आले. त्यात मूळ संख्यांची, म्हणजे १ व स्वतः यांखेरीज दुसऱ्या कशानेही भाग न जाणाऱ्या संख्यांची यादी होती. ह्या संख्या पुढे पुढे विरळ होत जातात, पण त्या विरळ होण्यातही एक प्रमाण आहे, आणि त्या प्रमाणाचा संबंध लॉगरिथमशी आहे, हे त्याने ताडले. ह्या अनुमानाची सिद्धता जगाला मिळावयास १८९६ साल उजाडावे लागले.

१७९५ च्या ऑक्टोबरात तो गॉटिंगेनच्या विद्यापीठात दाखल झाला. त्या वेळी त्याचे मन दोन वाटांवर घोटाळत होते. गणितावर प्रेम होते खरे. पण ग्रीक व लॅटिन ह्या प्राचीन भाषांतही त्याची गती असामान्य होती. गॉटिंगेनचे भाषापंडित नामांकित होते, आणि गणिताच्या अध्यापकापासून त्याला नवे असे फारसे मिळत नव्हते. गवंड्याच्या मुलाला पोटाचाही विचार करणे भाग होते, आणि भाषांच्या अध्यापकास नोकरी मिळण्याचा संभव अधिक. एकोणीस वर्षे पूर्ण व्हावयास एक महिना उरला, तरी त्याचा निश्चय होत नव्हता.

ईस्टरची सुटी लागली व तो ब्रन्सविकला घरी आला. त्याच्याच रीतीने हिशेब केला तर त्या वर्षी, म्हणजे १७९६ साली, ईस्टरचा रविवार २७ मार्चला होता. त्यानंतरच्या मंगळवारी, २९ मार्च रोजी सकाळी, अंथरुणातून उठण्यापूर्वीच त्याला एक गोष्ट लख्ख दिसली : वर्तुळाचे सतरा समान भाग केवळ पट्टी व कंपास यांनी करता येतात. (यावरून अंथरुणात लोळण्याचे समर्थन कोणी करू नये. त्यापूर्वी तो त्या प्रश्नाचा सतत व कसून विचार करीत होता.)

ह्या शोधाची थोरवी समजावयास थोडे मागे जावे लागते. ग्रीकांना वर्तुळाचे तीन, चार, पाच व पंधरा समान भाग करता येत होते. युक्लिडच्या चौथ्या पुस्तकात त्या रीती दिलेल्या आहेत. ह्या भागांची दुप्पट, चौपट करणेही सोपे होते. पण सात, नऊ, अकरा, तेरा व सतरा येथे सर्वांची मती कुंठित होई. दोन हजार वर्षे उलटली, तरी त्या यादीत एकाही नव्या संख्येची भर पडली नव्हती. यापुढे भर पडावयाची नाही, असेच सर्व धरून चालले होते.

मग सतरानेच वाट का द्यावी? विद्यार्थ्यांनी येथे वही व पेन्सिल घ्यावी. वर्तुळावर सतरा बिंदू समान अंतराने आहेत असे समजा. आरंभीचा बिंदू सोडून द्या व उरलेल्या सोळांना १ ते १६ हे क्रमांक द्या. आता १ पासून सुरुवात करून दर वेळी तिनाने गुणा, आणि गुणाकार सतराच्या वर गेला तर सतराने भागून बाकी तेवढी ठेवा. क्रम असा येतो : १, ३, ९, १०, १३, ५, १५, ११, १६, १४, ८, ७, ४, १२, २, ६, आणि पुन्हा १. सोळाही क्रमांक एकेकदा आले, एकही सुटला नाही, एकही दोनदा आला नाही. गाउसने बिंदूंना वर्तुळावरील शेजारक्रमाऐवजी ह्या नव्या क्रमाने पाहिले.

ह्या क्रमातील एक सोडून एक संख्या उचला. आठ-आठांचे दोन गट होतात : एकात १, ९, १३, १५, १६, ८, ४, २ व दुसऱ्यात उरलेल्या. वर्तुळाची त्रिज्या १ धरा, आणि मध्यापासून प्रत्येक बिंदू उजवीकडे किती सरकला आहे ते मोजा. डावीकडे असल्यास वजा. सतराही बिंदू मध्याभोवती समतोल असल्यामुळे त्या सर्व अंतरांची बेरीज शून्य असते. आरंभीच्या बिंदूचे अंतर १ आहे. म्हणून उरलेल्या सोळांची बेरीज वजा १. दोन गटांच्या बेरजा मिळून वजा १ झाल्या, आणि त्यांचा गुणाकार केला तर तो नेमका वजा ४ येतो. बेरीज व गुणाकार ठाऊक असलेल्या दोन संख्या शोधणे म्हणजे वर्गसमीकरण सोडविणे, हे आपण शाळेत शिकतोच. येथे समीकरण क्ष² + क्ष − ४ = ० हे होय, आणि ते सोडविले की उत्तरात १७ चेच वर्गमूळ उभे राहते. वर्गमूळ पट्टी-कंपासाने आखता येते. ही रीत ग्रीकांची.

पुढे त्याच युक्तीने आठांचे चार, चारांचे दोन, आणि दोनांचा एक. दर पायरीला एक वर्गसमीकरण, आणि दर वेळी गट बरोबर निम्मा होतो. चार पायऱ्यांत एकटा बिंदू हाती लागतो. हे घडते, कारण सतरातून एक वजा केला तर सोळा उरतात, आणि सोळा म्हणजे दोन गुणिले दोन गुणिले दोन गुणिले दोन. त्यात दोनाखेरीज दुसरे काही नाही. आता सात घ्या. एक वजा केला, सहा उरले. सहांचे निम्मे तीन. तिनांचे पुढे निम्मे होत नाहीत. तेथे तीन भाग पाडावे लागतात, आणि त्यासाठी लागणारे समीकरण तिसऱ्या घाताचे असते. पट्टी व कंपास यांची शक्ती तेथे संपते. माझ्या विद्यार्थ्याच्या वहीतील फट ती हीच.

सतरासारख्या आणखी संख्या कोणत्या? मूळ तर असावी, आणि एक वजा केल्यावर नुसत्या दोनांचाच गुणाकार उरावा. अशा ३, ५, १७, २५७ व ६५५३७ एवढ्या पाचच आजवर सापडल्या आहेत. सतराव्या शतकात फ्रान्सच्या फर्माला वाटले होते की ही मालिका अखंड चालेल. परंतु पुढची संख्या ४२९४९६७२९७ ही ६४१ ने भागली जाते, असे ऑयलरने १७३२ साली दाखविले. सहावी आहे की नाही, हे अद्याप कोणी सिद्ध केलेले नाही.

तो दिवस उलटताच, ३० मार्च रोजी, गाउसने एक रोजनिशी सुरू केली. पहिली नोंद अर्थातच वर्तुळाच्या सतरा भागांची. भाषा व गणित यांचा झगडा तेथे संपला. तो पुरता गणिताचा झाला. जूनमध्ये येना येथील एका नियतकालिकात त्याच्या शोधाची छोटी सूचना छापून आली, व तीखाली ब्रन्सविकच्या झिमरमन नावाच्या प्राध्यापकाने ह्या तरुणाचे वय अठरा असल्याची शिफारस जोडली. ती रोजनिशी एकोणीस पानांची असून तीत १८१४ पर्यंतच्या १४६ नोंदी आहेत. गाउसच्या मरणानंतर कित्येक वर्षे ती घराण्याच्या कागदांत पडून होती. १८९८ साली नातवाजवळ सापडली. तेव्हा कोठे जगाला कळले की दुसऱ्यांनी पुढे मांडलेले कितीतरी शोध ह्या माणसाने लिहून पेटीत ठेवले होते.

१८०१ साली त्याचा अंकगणितावरील मोठा लॅटिन ग्रंथ ड्यूकच्या खर्चाने प्रसिद्ध झाला. शेवटच्या, सातव्या भागात वर्तुळाच्या विभागणीचा सर्व सिद्धान्त आहे. सात, नऊ, अकरा, तेरा ह्या वाटेने जाऊन कोणी आपला वेळ व्यर्थ दवडू नये, असा इशाराही तेथे आहे. ह्या अशक्यतेची सिद्धता मात्र त्याने छापली नाही. ती १८३७ साली वान्तझेल ह्या फ्रेंच गणितज्ञाने दिली.

ह्यानंतरच्या आयुष्याचा विस्तार मोठा आहे, तो थोडक्यात सांगतो. १८०१ च्या पहिल्याच दिवशी पालेर्मो येथे पियाझीला सीरीस हा लघुग्रह दिसला, आणि थोड्याच आठवड्यांत तो सूर्याच्या तेजात दिसेनासा झाला. मोजक्या वेधांवरून गाउसने त्याची कक्षा मांडली, व वर्षअखेरीस तो सांगितल्या जागेजवळ पुन्हा सापडला. ह्या एका गोष्टीने त्याचे नाव युरोपभर झाले. १८०६ साली नेपोलियनशी झालेल्या युद्धात ड्यूक जखमी होऊन मरण पावला, आणि पंधरा वर्षांचा आधार तुटला. त्याच युद्धात एका फ्रेंच सेनापतीने गाउसच्या सुरक्षिततेची चौकशी करविली. ज्या बाईंच्या विनंतीवरून ही चौकशी झाली त्यांचे नाव गाउसला अनोळखी होते. आपण ज्यांच्याशी पत्राने गणिताची चर्चा करीत आलो ते पॅरिसचे लब्लां नावाचे गृहस्थ म्हणजेच सोफी जर्मेन ही विदुषी, हे त्याला मागाहून कळले. स्त्रियांना त्या विद्येचे दार बंद असल्यामुळे तिने पुरुषाचे नाव घेतले होते. गाउसने तिचा गौरव अधिकच केला.

१८०७ पासून मरेपर्यंत तो गॉटिंगेनच्या वेधशाळेचा प्रमुख होता. हॅनोवर प्रांताची मोजणी त्याने केली, वेबरच्या साहाय्याने १८३३ साली विजेची तारायंत्रे जोडली. संसारात मात्र दुःख पदरी आले. पहिली पत्नी योहाना १८०९ साली बाळंतपणानंतर वारली, पाठोपाठ ते मूलही गेले. दुसरी, मिन्ना, १८३१ साली गेली.

त्याचे सर्वच वागणे अनुकरणीय होते असे मला म्हणवत नाही. हंगेरीच्या यानोश बोयाई ह्या तरुणाने युक्लिडाहून निराळी भूमिती रचली, व त्याच्या बापाने, गाउसच्या विद्यार्थिदशेतील मित्राने, १८३२ साली ती मोठ्या आशेने गाउसकडे धाडली. हे विचार आपणास कित्येक वर्षांपासून ठाऊक आहेत, असे उत्तर आले. ते खरेही होते. पण ज्याने ते कधी छापले नाहीत त्याने एका तरुणाच्या पहिल्या पराक्रमावर असे पाणी ओतावे, हे बरे झाले नाही. त्या तरुणाने ते मनाला फार लावून घेतले. तसेच घरी. मुलगा ऑयगेन याचा ओढा भाषांकडे होता. बापाने त्यास कायद्याच्या अभ्यासास घातले. भांडण झाले, आणि १८३० साली मुलगा अमेरिकेस निघून गेला. जो स्वतः एके काळी भाषा व गणित यांच्या मध्ये उभा होता, ज्याच्या बापाला त्याचे शिकणे रुचले नव्हते, त्याला आपल्या मुलाचे मन उमगू नये! मुलगा पुढे मिसूरी प्रांतात स्थिरावून सुखी झाला, एवढे समाधान.

आईला मात्र त्याने अंतर दिले नाही. तो तरुण असताना तिने त्याच्या मित्राला, त्याच थोरल्या बोयाईला, आपला मुलगा काही होईल का, असे भीतभीत विचारले, असे सांगतात. युरोपातला सर्वांत मोठा गणिती होईल, हे उत्तर ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी आले. १८१७ साली त्याने तिला वेधशाळेतील आपल्या घरी आणले. शेवटची चार वर्षे ती आंधळी होती. खूप वृद्ध होऊन १८३९ साली तिने तेथेच प्राण सोडला.

गाउस स्वतः २३ फेब्रुवारी १८५५ रोजी पहाटे झोपेतच गेला. सतरा कोनांच्या आकृतीचा त्याला अखेरपर्यंत अभिमान होता. ती आपल्या थडग्यावर असावी अशी त्याची इच्छा होती, असेही म्हणतात. गॉटिंगेनच्या त्या थडग्यावर ती नाही. ब्रन्सविक शहरात १८८० साली त्याचा पुतळा उभारला, त्याच्या चौथऱ्यावर तिची खूण आहे. पण सतरा बाजूंची आकृती दुरून नुसत्या वर्तुळासारखी दिसेल, म्हणून तेथे सतरा टोकांचा तारा कोरलेला आहे.